आक्का, तळहात सारखेच होते

आक्का, तुझा जलदान विधी परवा उरकला. हडकोतल्या आपल्या गच्चीवर मांडव घातला होता. खुर्च्या कमी पडल्या आणि तुझे विद्यार्थी जिन्यात उभे राहिले. बौद्धाचार्यांमागून सगळे पंचशील म्हणत होते. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलाशी आलो आणि मी म्हणायचं थांबलो. वैशालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्याला रडू आलं असं तिला वाटलं असणार. रडू आलं नव्हतं. राग आला होता.

मग भाषणं झाली. तुझ्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, मॅडम म्हणजे मूर्तिमंत प्रामाणिकपणा. एक विद्यार्थिनी म्हणाली, प्रयोगाचा निकाल आपल्या मनासारखा नसला तरी तो आहे तसाच लिहायचा, हे मॅडमनी शिकवलं. मी पहिल्या रांगेत पांढरा शर्ट घालून मान डोलवत होतो. उठून माईक हातात घ्यावा असं फार वाटलं. बाई हुशार होती, कष्टाळू होती, आणि माझ्याशी दीड वर्ष बिनदिक्कत खोटं बोलली, एवढंच सांगून खाली बसलो असतो. उठलो नाही, कारण समोर माय बसली होती.

माय पाचोडहून आली ती अजून इथंच आहे. तिला एवढंच ठाऊक आहे की लेकाची किडनी लेकीला बसवली, काही वर्षं चालली आणि मग बंद पडली. भेटायला येणारे तिच्याजवळ बसतात आणि मला बरोबर ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणतात, भावाची काही लागली नाही बिचारीला. एका मावशीनं तर मी पूर्वी तंबाखू खायचो तेही काढलं. माय ऐकून घेते, माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही. पण ती विचारणार आहे. तेव्हा मी तिला काय सांगायचं, यावरचं आपलं बोलणं अर्धवट राहिलं. ते पुरं करायला तू नाहीस, म्हणून हे लिहायला बसलो.

तुला आठवत असेल, तपासण्या सुरू झाल्या तेव्हा मी कुरकुरलो होतो. रक्तगट जुळला, आता आणखी काय जुळवायचं, पत्रिका का, असं काहीतरी बोललो होतो. तू वैशालीबरोबर गहू निवडत बसली होतीस. डायलिसिसनं तुझा चेहरा काळवंडला होता, पण शिकवायची संधी मिळाली की तुझ्या अंगात यायचं. तू माझा हात ओढून घेतलास, तळहात उघडलास, त्यावर चिमूटभर गहू ठेवलेस आणि विचारलंस, "दादा बाजारात काय करायचा?"

आपला बाप, आपण त्याला दादा म्हणायचो, पाचोडच्या बाजारात पोती वाहायचा. व्यापारी पोतं ओतून बघत नसे. दादा पोत्यात हात घालायचा, मूठभर धान्य काढायचा आणि तळहातावर धरून उभा राहायचा. तेवढी वानगी बघून सगळ्या मालाचा भाव ठरायचा. तू म्हणालीस, शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी दिवसभर हेच करते. आत बनलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते. माळेचे आठ-दहा मणी असावेत एवढासा तुकडा, तळहातासारखी खोबण असलेल्या एका रेणूवर ठेवते आणि दाराबाहेर धरते. टी पेशी फिरत फिरत येते, वानगी चाचपते आणि पुढं जाते. आत विषाणू शिरला असेल तर त्याच्याही प्रथिनांचे तुकडे पडतात, तेही तळहातावर येतात, आणि मग ती तिथं थांबते. मी विचारलं, मग अँटिबॉडी काय करतात, त्यांचं तर फार नाव ऐकतो. तू सांगितलंस की अँटिबॉडी जंतूला बाहेरून, तो आहे त्या आकारात धरतात. टी पेशीचं तसं नाही. तिला कापलेला तुकडाच लागतो, आणि तोही तळहातासकट. नुसता तुकडा समोर ठेवला तर ती ढुंकूनही बघत नाही.

माणसामाणसाचे हे तळहात वेगळे असतात. म्हणून दुसऱ्याचा अवयव बसवला की टी पेशी आधी तळहातालाच अडतात. सख्ख्या भावंडांत चारांत एखाद्या वेळी ते पुरेपूर जुळतात. आपले जुळले. रिपोर्ट आला त्या दिवशी तू लहान पोरीसारखी घरभर फिरलीस. मी म्हणालो, मग आता गोळ्या कशाला खायच्या?

तेव्हा तू जे बोललीस ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "तळहात सारखे आहेत रे, वानगी सारखी नाही. तू पुरुष. तुझ्या वाय गुणसूत्रावरून जी प्रथिनं बनतात ती माझ्या अंगात कधी नव्हतीच. माझ्या पेशी शिकत होत्या तेव्हा ते तुकडे त्यांना कुणी दाखवलेच नाहीत." छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिथं टी पेशींची परीक्षा होते आणि आपल्याच तुकड्यांना घट्ट धरणाऱ्या बहुतेक पेशी तिथंच मारून टाकल्या जातात, हेही तू त्याच दिवशी सांगितलंस. मी म्हणालो, म्हणजे मी बाई म्हणून जन्मलो नाही हा माझा गुन्हा. तू हसलीस आणि म्हणालीस, म्हणून गोळ्या जन्मभर, एकही चुकवायची नाही. हे तुझं वाक्य आहे, आक्का. डॉक्टरांनी ते नंतर म्हटलं.

आपलं एक जुनं भांडणही या सगळ्यात होतं. तू एम.एस्सी.ला होतीस आणि मी नुकताच गावाहून आलो होतो, तेव्हा पैठण गेटजवळ आपण खोली बघायला गेलो होतो. घरमालकीणबाई लई गोड होत्या. त्यांनी नळ दाखवला, वाळत घालायची दोरी दाखवली, तू शिकतेस म्हणून कौतुक केलं. मग पूर्ण नाव विचारलं. तू आडनावासकट सांगितलंस, आणि बाईंना आठवलं की त्यांचा भाचा पुढच्याच आठवड्यात राहायला येणार आहे. पुढं कितीतरी वर्षांनी तू मला टी पेशीचं हे सगळं सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, ही तर आपली पैठण गेटची बाई. एवढासा तुकडा बघते आणि दार लावते.

तू भडकलीस. म्हणालीस, त्या बाईला सगळं शिकवलेलं होतं, कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही. पेशीला कुणी काही शिकवलेलं नसतं. तिचा पकडणारा रेणू जनुकांचे तुकडे कसेही जोडून बनतो, कुठला रोग येणार आहे हे कुणालाच माहीत नसताना बनतो. असे कोट्यवधी बनतात, प्रत्येक निराळा. थायमस त्यातले धोक्याचे काढून टाकतं, एवढंच. पुढं एखाद्याला एखादा तुकडा बसतो. उंचवट्याला खळगा मिळतो, ऋण भाराला धन भार मिळतो, ती पकड काही सेकंद टिकली तर पेशीच्या आत निरोप जातो, नाही टिकली तर नाही जात. यात द्वेष कुठं आला, असं तू विचारायचीस. पुस्तकात स्व आणि पर असे शब्द होते, ते तू वर्गात वापरत नव्हतीस. "पेशी खोटं बोलत नाही, आन्या. बसलं तर बसलं म्हणते." मी म्हणायचो, दाराबाहेर राहिलेल्याला काय फरक पडतो? वैशाली जेवायला हाक मारायची आणि भांडण तिथंच राहायचं. माझं अजूनही पटलेलं नाही. पण तुझ्या बाजूनं आता एक गोष्ट मला मान्य करावी लागते. पेशी खोटं बोलली नाही. तू बोललीस.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष तू कशी होतीस. पाणी मोजून पिणारी बाई उसाचा रस पिऊ लागली. वैशालीच्या भाचीच्या लग्नात नाचलीस. मी ऑफिसात, पाटबंधारे खात्यातल्या त्या पडक्या इमारतीत, ज्याला त्याला तुझा फोटो दाखवायचो आणि उगीच शर्ट वर करून टाके दाखवायचो. माझा तोरा बघून साहेबांनी मला किडनीवाले म्हणायला सुरुवात केली होती. खरं सांगतो, आयुष्यात मी एवढं मोठं दुसरं काही केलेलं नाही. तुला शिकताना बघत मी मोठा झालो, तुझ्या पाठी लागून शहरात आलो, तुझ्यामुळं पदवी घेतली. तुला द्यावं असं माझ्याकडे काही असेल, हेच मला कधी वाटलं नव्हतं.

मग गोळ्यांनी तुझे हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाल्या, या गोळीचं असं होतं, थोडं सोसावं लागेल. तू घरी कपबशी सोडलीस आणि स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागलीस, कारण बशी वाजायची. आम्ही बघितलं न बघितल्यासारखं केलं. वर्षभरानं एका सकाळी तू पुन्हा कपबशी घेतलीस. बशी वाजली नाही. मी वैशालीला कोपरानं ढोसलं. त्या दिवशी मी गुलमंडीवरून पेढे आणले, मायला फोन केला, सांगितलं की आक्काचे हात थांबले, औषध अंगी लागलं. तू पेढा खाल्लास, आक्का. माझ्या हातून खाल्लास.

औषध अंगी लागलं नव्हतं. तू ते बंद केलं होतंस.

दर महिन्याला मी अर्धी रजा टाकून तुला रक्त द्यायला न्यायचो. रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नसते, नाहीतर औषधाची पातळी चुकीची येते. म्हणून तू गोळी पर्समध्ये ठेवायचीस आणि रक्त देऊन आलीस की गाडीत, माझ्या शेजारी बसून, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं गिळायचीस. मी गाडी सुरू न करता थांबायचो, तुझा घोट उतरेपर्यंत. या एका गोष्टीवर माझा जीव अडकतो. बाकी सगळं विसरेन कदाचित, पण ते पाणी माझं होतं.

क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी थकत चालली होती, मग बायोप्सी झाली. डॉक्टर रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा मी तुझ्या खाटेशेजारी होतो. किडनीच्या बारीक नळ्यांभोवती तुझ्या टी पेशी गोळा झाल्या होत्या, नळ्यांच्या भिंतीत घुसल्या होत्या, आणि हे बऱ्याच दिवसांपासून चाललेलं दिसत होतं. डॉक्टरांना कोडं पडलं होतं की औषधाची पातळी प्रत्येक वेळी बरोबर आली, तळहात तर पुरते जुळलेले, मग हे झालं कसं? मी तावातावानं लॅबवर घसरलो. म्हणालो, यांनी नमुने बदलले असतील, मी तक्रार करतो. तू मला बोलू दिलंस. मी बराच वेळ बोललो. मग तू शांतपणे म्हणालीस, "पातळी बरोबरच येणार. तपासणीच्या आधी आठवडाभर मी गोळ्या घेत होते. बाकी महिना नाही."

डॉक्टरांनी ते फाईलवर लिहून घेतलं. त्या गेल्यावर तू मला समजावायला लागलीस, वर्गात समजावतात तसं. आधी अर्धी केली, क्रिएटिनिन हललं नाही. मग पाव केली, तरी हललं नाही. मग बंद केली, तरी कितीतरी महिने सगळं ठीक. तळहात जुळलेले असले की क्वचित कुणाच्या शरीरात पेशी गप्प होतात, नव्या तुकड्यांची सवय होते, तसं आपलं झालं असं तुला वाटलं. एवढं ज्ञान नसतं तर तुला हे सुचलंच नसतं. दुसरी कुठली बाई घाबरून गोळी खात राहिली असती. तू हिशेब मांडलास, आणि एक वर्गातली गोष्ट सांगितलीस, जी मला ठाऊक नव्हती. तू फळ्यावर रंगीत खडूंनी तो रेणू काढायचीस, खोबण, तिच्यातला तुकडा, वरून येणारी टी पेशी, आणि पोरं मोबाईलवर त्याचे फोटो काढायची. एके दिवशी तुझी रेघ वाकडी गेली, पुसलीस, परत वाकडी गेली, आणि पुढच्या बाकावरची मुलगी प्रेमानं म्हणाली, मॅडम, मी काढू का?

"त्या दिवशी मी घरी येऊन ठरवलं," तू म्हणालीस.

मी म्हणालो, "मला विचारायचं तरी. माझी किडनी होती."

"दिलीस ना मला? मग माझी झाली."

मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. आक्का, तुझं बरोबर आहे, दिलेलं परत आपलं म्हणता येत नाही. पण मी ती फळ्यावर रेघ सरळ यावी म्हणून दिली नव्हती. तू जगावीस म्हणून दिली होती, थरथरत्या हातांनी जगली असतीस तरी चाललं असतं मला. बशा वाजल्या असत्या जन्मभर. आणि तू का विचारलं नाहीस हेही मला कळतं. विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, आणि ते ‘नाही’ तुला ऐकावं लागलं असतं. तुला नको असलेलं उत्तर येणार म्हणून तू प्रश्नच विचारला नाहीस. आपल्या विद्यार्थ्यांना असं करू दिलं असतंस का?

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. पेशींना आवरायला डॉक्टरांनी मोठी औषधं दिली. पेशी आवरल्या, आणि आवरलेल्या असतानाच छातीत जंतू शिरले. त्यांची वानगी बघून धावून जायला कुणी उरलं नव्हतं. तू मास्कच्या आतून धापा टाकत होतीस तरी मला हे समजावून सांगत होतीस, आणि मी रागात असूनही ऐकत होतो, कारण तुझ्यासारखं समजावून सांगणारं मला कुणी भेटलं नाही. त्या दुपारी तू मास्क बाजूला केलास आणि शेवटचं मागितलंस.

"मायला सांगू नको."

मी म्हणालो, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. हो म्हणालो असतो तर तुला बरं वाटलं असतं. पण मला तेव्हा तुला बरं वाटायला नको होतं, आणि ते मी लपवणार नाही. सगळ्यांनी माझ्या किडनीला बोल लावायचा, आणि तू मूर्तिमंत प्रामाणिक होऊन भिंतीवर हार घालून बसायचं, हा सौदा मला मान्य नव्हता. आजही नाही.

इथवर लिहून झालं आणि आज दुपारी पाहुणे पांगले. वैशाली भाजी आणायला गेली. माय भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मी कप विसळून बाहेर आलो, तर तिनं मला समोर बसायला खुणावलं.

"आन्या, खरं सांग. तुझी किडनी खराब व्हती का रं?"

मी तयार होतो. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, मनात जुळवून ठेवलं होतं. तिला सगळं कळलं असतं, ती तुझीच आई आहे. मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं. तुझ्या आजारपणात ती किती वाळली ते मी नीट बघितलंच नव्हतं. लेक गेली एवढं तिनं कसंबसं गिळलं होतं. लेकीनं काय केलं तेही तिच्या पदरात घालायचं, हे मला जमेना. तुझ्यासाठी गप्प बसलो नाही, आक्का, तू तसं समजू नकोस. तिच्यासाठी बसलो.

"व्हय माय," मी म्हणालो. "माझीच खराब निघाली."

आता ती रडेल, नाहीतर मला चार शब्द बोलेल, असं वाटलं. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती बसल्या बसल्या सरकत जवळ आली, माझा शर्ट वर केला. टाक्यांकडे तिनं बघितलंही नाही. दुसऱ्या बाजूला, जिथं काही कापलेलं नाही तिथं, तिनं हात ठेवला.

"मंग राहिलेली तरी धड हाय का?"

"धड हाय, माय. लई चांगली हाय."

आधीचं खोटं तिनं लगेच मानलं होतं. हे खरं होतं, आक्का, आणि ते तिला काही केल्या पटेना.